न बोलणाऱ्या दोन बोटी

बंदरावरच्या मत्स्य कार्यालयात तिला सगळे टिंबवाली म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की टिंबवाली. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकत नव्हती, कारण कामच तसं होतं. बर्फाच्या कारखान्याच्या वर एक लांबट खोली, तिथे दोन पडदे आणि त्या पडद्यांवर दिवसभर सरकणारी टिंबं. प्रत्येक मासेमारी बोटीवर एक डबा बसवलेला होता. बोट कुठे आहे हे तो थोड्या थोड्या वेळाने कार्यालयाला कळवायचा. बोटवाल्यांना तो डबा म्हणजे आपल्याच खर्चाने आपल्याच डोक्यावर बसवलेला हवालदार वाटायचा. खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं की वर टिंबवालीचं टेबल थरथरायचं आणि चहा बशीत सांडायचा. त्याचीही तिला सवय झाली होती.

प्रत्येक बोटीला हंगामात ठरावीक मासळी धरायची मुभा असे. काही मोठ्या मालकांनी त्यातून वाट काढली होती. दोन बोटी कागदावर एकमेकींना ओळखत नसत, पण समुद्रात एक शोधायची आणि दुसरी धरायची, आणि छोट्या बोटवाल्यांच्या जाळ्यात शेपट्या उरायच्या. म्हणून नवा नियम आला. जोडीने मासेमारी करणाऱ्यांनी तशी नोंद करावी आणि जोडीचा म्हणून जो कमी वाटा असेल तो घ्यावा. नोंद न करता जोडी जमवली तर दोघांचेही परवाने हंगामभर बंद.

आता समुद्रावर कोण कोणाचा जोडीदार, हे किनाऱ्यावर बसून कळणार कसं? विचारायला गेलं तर प्रत्येकजण कानावर हात ठेवणार. ते शोधायचं काम टिंबवालीकडे आलं. तिने त्यासाठी एक गणित मांडलं आणि ते यंत्राला शिकवलं. एक बोट कुठे वळली हे कळल्यावर दुसरी कुठे वळेल हे सांगता येतं का, एवढंच ते यंत्र बघायचं. सांगता येत असेल तर त्या दोघींचं काहीतरी आहे. शिवाय तिने बोटींची नावं काढून त्यांना आकडे दिले होते आणि कोणता आकडा कोणाचा हे साहेबांच्या कपाटात ठेवलं होतं. तोंड बघून टिळा लावला असं उद्या कोणी म्हणायला नको. आपल्या या निःपक्षपातीपणाचा तिला थोडा गर्वही होता.

जोड्या सापडल्या. तिने यादी केली, साहेबांनी ती वाचली आणि सही करून वरच्या कार्यालयाला पाठवली. पाठवताना टिंबवालीने एका जोडीवर बोट ठेवून म्हटलं होतं, "साहेब, ही बघा. अख्ख्या बंदरात इतकी घट्ट जोडी नाही."

साहेबांनी कपाट उघडलं ते दुपारी. साहेब सावकाश माणूस होते. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, थर्मासमधलं गरम पाणी पिणंही फुंकर घालत, सावकाश. त्यांनी आकडे आणि नावं जुळवली, चष्मा काढला, परत घातला.

"बाई, बसा."

"उभीच बरी आहे, साहेब."

"बसा म्हणतोय ना." ती बसली. "तुमची ती घट्ट जोडी. त्यातली एक बोट तुमच्या वडिलांची आहे."

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "आणि दुसरी?"

"तुमच्या काकांची."

हे ऐकून टिंबवाली हसली. साहेबांसमोर असं हसू नये हे तिला कळत होतं, पण हसू आवरेना.

तिचं हसणं बंदरावरच्या कोणालाही समजलं असतं. बाबा थोरले, काका धाकटे. तिच्या लहानपणी दोघांची बोट एक होती आणि चूलही एक. बाबांनी बरीच वर्षं खपून समुद्रात एक जागा शोधून काढली होती. तळाशी खडकाळ उतार होता आणि त्याच्या कडेला मासळी थव्याने थांबायची. बोट चालवणारा तांडेल अशी जागा बायकोलाही सांगत नाही. बाबांनी ती फक्त भावाला दाखवली. एका हंगामात बाबा तिथे पोचले तर काकांचा मेहुणा आधीच जाळं टाकून बसलेला, आणि त्याच्या मागे आणखी चार बोटी. जागा फुटली होती. काकांनी शपथा घेतल्या, मेहुण्याने हात वर केले, आजीने दोघा मुलांना समोरासमोर बसवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. बाबांनी काकांशी बोलणं सोडलं, आणि काकाही हट्टाला बाबांचेच भाऊ.

तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. लिलावाच्या शेडमध्ये एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. समारंभाला बोलावणारे आधी चौकशी करून घ्यायचे, कोण जेवून जाणार आणि कोण संध्याकाळी येणार. आजी गेली तेव्हा दोघे एकाच खोलीत होते आणि सगळी बोलणी मधल्या माणसाकरवी झाली. टिंबवालीच्या आईचं मत असं, की दोन्ही डोकी एकाच कारखान्यात बनली आणि मग तो कारखाना बंद पडला, म्हणून सुटे भाग मिळत नाहीत.

"साहेब, हे शक्यच नाही," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटतंय. पण यादी वर गेली. परत मागवायची तर कारण द्यावं लागेल, आणि तांडेलाची मुलगी माझ्याकडे कामाला आहे हे कारण चालणार नाही. उलट त्याने वास येईल." साहेबांनी पाण्यावर फुंकर घातली. "सुनावणी ठेवतो. निकाल मी देईन. तुम्ही फक्त टिंबं समजावून सांगायची. दुसऱ्या कोणाला ती समजत असती तर तुम्हाला त्या खोलीत उभंही केलं नसतं."

आता तिचं हसू गेलं होतं. हंगामभर परवाना बंद म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं. बोट धक्क्याला बांधून राहिली की तिच्यावरची माणसं पोटासाठी दुसऱ्या बोटीवर जातात, आणि वय झालेल्या तांडेलाकडे पुढच्या हंगामात कोणी परत येत नाही. बाबांचं वय झालं होतं. त्यांना समुद्राखेरीज काही येत नव्हतं, आणि घरी बसलेले बाबा कसे असतील याची कल्पना केली तरी तिला भीती वाटली.

सुनावणीचा कागद घरी पोचला तेव्हा ती स्वयंपाकघरात आईला भांडी लावू लागत होती. बाबा कागद हातात घेऊन दारात उभे राहिले.

"हे तू केलंस?"

"हो, बाबा."

"मी आणि तो. जोडीदार." जेवताना खडा लागावा तसं त्यांनी तोंड केलं. "ज्या धक्क्याला त्याची बोट लागते तिथे मी दोर टाकत नाही. आणि तू मला त्याच्या शेजारी बसवलंस?"

"मला नावं माहीत नव्हती. नुसते आकडे होते."

"बापाची बोट ओळखता आली नाही?"

"टिंब होतं ते, बाबा."

"मग टिंबालाच जेवायला वाढ," असं म्हणून बाबा बाहेर गेले.

आईने ताट पुसता पुसता लेकीकडे पाहिलं. "लिहून टाक की चुकलं म्हणून. यंत्रंही चुकतात. आपला मिक्सर नाही का मनात येईल तेव्हा चालत?"

"गणित चुकलं असं लिहिलं तर सगळ्याच जोड्या सुटतील, आई. त्या पलीकडच्या धक्क्यावरच्या मोठ्या बोटीसुद्धा. त्यांच्यामुळेच तर बाबा अर्धं जाळं रिकामं घेऊन येतात."

"म्हणजे चोर धरायचे तर घरधनीही धरायचा."

"बाबा चोर नाहीत."

"मला कशाला सांगतेस? यंत्राला सांग."

दुसऱ्या दिवशी टिंबवालीने खरंच यंत्राला विचारायचं ठरवलं. तिने दोन्ही बोटींच्या हंगामभरातल्या वाटा पडद्यावर काढल्या, बाबांची निळी, काकांची तांबडी. जोडीच्या बोटी अशा काढल्या की दोन रंगांचा गुंता होतो. इथे गुंता नव्हताच. निळी उत्तरेला गेली की तांबडी दक्षिणेला, निळी किनाऱ्यालगत आली की तांबडी खोल पाण्यात. एखाद्या दिवशी मासळीचा मोठा थवा लागून अख्खं बंदर एका जागी गोळा झालं, तर त्या गर्दीत दोघांपैकी एकच असायचा. अनोळखी बोटीसुद्धा कधीमधी एकमेकींच्या वाटेत येतात. या दोन बोटी कधीच आल्या नव्हत्या.

मग तिच्या लक्षात आलं की चूक कुठे झाली. एका बोटीवरून दुसरीचं कळतं का, एवढंच तिने यंत्राला विचारायला शिकवलं होतं. आणि कळत होतंच की! एक जिथे आहे तिथे दुसरी हमखास नाही. जवळ येण्यासाठी वळली की दूर पळण्यासाठी, हे विचारायचं ती विसरली होती. तिच्या गणितात गळ्यात गळे घालणारे आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे एकाच रकान्यात पडत होते. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला. ती धावतच साहेबांकडे गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "यांचं वैर आहे हे मला तुमच्या टिंबांच्या आधीपासून माहीत आहे," ते म्हणाले. "पण वरच्या लोकांना काय सांगू? पक्के जोडीदारही असंच करतात. तू उत्तर बघ, मी दक्षिण बघतो. एकच पाणी दोघांनी कशाला धुंडाळायचं?"

"पण साहेब..."

"दुसरं असं, की एखाद्याला इतकं नेमकं टाळायचं तर तो कुठे आहे याची रोज खबर हवी. तुमचा पडदा बोटीवर तर नाही. मग यांना कळतं कसं?"

याचं उत्तर तिला माहीत होतं. वायरलेस. समुद्रावर सगळे एकाच लहरीवर बोलतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. बाबांच्या बोटीवर स्वयंपाक करणारा एकदा हसत हसत म्हणाला होता, की धाकट्या मालकांचा आवाज आला की थोरले मालक बोलायचे थांबतात. वायरलेस बंद मात्र करत नाहीत.

"आणि तिसरं हे." साहेबांनी यादीवरच्या एका तारखेवर बोट ठेवलं. "हा दिवस तुमच्या यंत्रानेच काढून दिलाय. याचं काय करायचं ते सांगा."

तिने तो दिवस पडद्यावर लावला. सकाळी बाबांचं टिंब एका जागी थांबलं होतं. मग ते चालल्यासारखं न वाटता नुसतं वाहत होतं, हळूहळू, प्रवाहाबरोबर खडकांच्या ओळीकडे. काकांचं टिंब खूप दूर दक्षिणेला जाळं ओढत होतं. अचानक ते थांबलं, आणि मग सुसाट निघालं, वाकडंतिकडं न होता थेट बाबांच्या दिशेने. हंगामभर जे अंतर त्याने जिवापाड राखलं होतं ते सगळं कापत आलं. पण पोचलं नाही. जिथून एका बोटीला दुसरी जेमतेम दिसली असती, त्याच्या अलीकडेच ते थांबलं. तिथून पुढे दोन्ही टिंबं एकाच दिशेने, एकाच वेगाने वाहत राहिली, दुपारपर्यंत. दुपारी बाबांचं टिंब जागं झालं आणि बंदराकडे निघालं. त्यानंतर काकांचं टिंब मागे वळलं.

"दोघांनीही मासळी धरली नाही," साहेब म्हणाले. "वरचे म्हणतात, दोघे मिळून थवा राखत बसले होते. मला सांगा, मी काय म्हणू?"

संध्याकाळी तिने बाबांना त्या दिवसाबद्दल विचारलं. "प्रवाह बघत होतो," बाबा म्हणाले आणि पंच्याने तोंड पुसायला लागले. ते आत गेल्यावर आई हळूच म्हणाली, "त्या दिवशी हात कापून आले होते. विचारलं तर म्हणे जेवताना लागलं. दोन्ही तळहात? जेवताना?"

टिंबवालीला उलगडा झाला. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला होता. असं झालं की इंजिन चालून उपयोग नसतो, बोट वाहत जाते. शहाणा तांडेल लगेच वायरलेसवर मदत मागतो. पण त्या लहरीवर काका ऐकत असतात. म्हणून बाबांनी मदत मागितली नव्हती. खडक जवळ येत होते आणि त्यांनी स्वतः पाण्यात उतरून दोर कापला होता. तिला बाबांचा इतका राग आला की तिने दिवा न लावताच बराच वेळ काढला.

दुसऱ्या दिवशी तिने नियमांचं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. आणि त्यात सुटका होती. अडचणीतल्या बोटीच्या मदतीला जाणं म्हणजे जोडी नव्हे, असं स्पष्ट लिहिलं होतं. फक्त दोघांनी तसं सांगायला हवं. एकाने म्हणायचं, मी अडचणीत होतो. दुसऱ्याने म्हणायचं, मी मदतीला गेलो होतो. एवढं झालं की दोन्ही परवाने वाचले. ती खुर्चीत मागे टेकली, सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तिला आठवलं की हे कोणत्या दोन माणसांना म्हणायचं आहे.

बाबांकडे तिने आधी प्रयत्न केला. "मला? अडचण?" बाबा म्हणाले. "या वयात माझी बोट मला सांभाळता येत नाही असं लिहून देऊ? आणि तेही त्याच्यासमोर? त्यापेक्षा परवाना जाऊ दे." त्यावर पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मग ती काकांकडे गेली. मुलांवर कधी बंदी नव्हती, ती लहानपणापासून काकांकडे जात-येत होती, फक्त घरी आल्यावर त्याबद्दल बोलायचं नसे. काका बोट वर ओढून तिच्या तळाला रंग देत होते. त्यांनी तिला एक उलटी बादली बसायला दिली.

"काका, त्या दिवशी तुम्ही बाबांच्या मदतीला गेला होतात ना?"

"मासळी बघायला गेलो होतो."

"जाळं अर्धवट उचलून?"

"तुझ्या डब्याला जाळंही दिसतं?"

"वेग दिसतो. जाळं पाण्यात असताना बोट इतकी पळत नाही."

"मग वेगालाच विचार," काका म्हणाले.

ऐकणाऱ्याला वाटलं असतं की बाबाच बोलताहेत. तिला हसावं की रडावं कळेना. "काका, परवाना जाईल. तुमचाही आणि बाबांचाही. तुम्ही नुसतं हो म्हणा."

काकांनी ब्रश डब्यात बुडवला. "तो काय म्हणाला? अडकला होता असं म्हणाला?"

"नाही म्हणाले."

"मग मी कसं म्हणू? त्याने झाकलेलं मी चारचौघांत उघडं करू?" थोडा वेळ ते रंग देत राहिले. "एकदा केलं म्हणतो तो. परत नाही."

ती तशीच परत आली. दोघेही आपापल्या जागी ठाम होते, आणि हसू येण्यासारखी गोष्ट अशी, की दोघेही आपापल्या परीने एकच गोष्ट झाकत होते. पण त्यापायी दोन घरं उघड्यावर येणार होती आणि सुरुवात तिच्या टेबलावरून झाली होती. तिला स्वतःचाही राग येत होता.

सुनावणी साहेबांच्याच खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका, मध्ये साहेब आणि त्यांचा थर्मास. भिंतीशी पडदा लावून टिंबवाली उभी होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकांच्या नखांना तांबडा रंग होता.

"त्या दिवशी तुमची बोट थांबली होती," साहेबांनी बाबांना विचारलं. "का?"

"इंजिनाला विश्रांती देत होतो."

"दुपारपर्यंत?"

"दमलं होतं."

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "साहेब, त्यांना सांगा, खडकाच्या तोंडाशी कोणी विश्रांती घेत नाही."

साहेब बाबांकडे वळले. "ते म्हणतायत की..."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "त्यांना विचारा, ते तिथे काय करत होते."

"तुम्ही तिथे काय करत होतात?" साहेबांनी काकांना विचारलं.

"मासळी बघत होतो."

"जाळ्याशिवाय?"

"डोळ्यांनी."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांच्या सावकाशपणालाही हद्द होती. "मला तुमच्याबद्दल आपुलकी आहे," ते म्हणाले, "पण तुम्ही हेच सांगणार असाल तर मला जोडी म्हणूनच लिहावं लागेल. दोन्ही परवाने बंद. आणखी काही सांगायचंय?"

बाबांनी शर्टाची बाही सरळ केली. काका नखावरचा रंग खरवडू लागले. साहेबांनी पेन उचललं.

"साहेब, टिंबं दाखवायची राहिली," टिंबवाली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला परका वाटला. साहेबांनी मान हलवली आणि तिने पडदा सुरू केला. इतके दिवस ती कार्यालयात कधीही नावं घेत नसे. आज तिने घेतली.

"हे बाबा," ती म्हणाली. "सकाळी इथे थांबले. इथून वाहायला लागले. ही खडकांची ओळ. आणि हे खाली काका. इथे काका जाळं ओढत होते. आता बघा."

तांबडं टिंब निघालं. बाबा पुढे झुकले. त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी समुद्रावर त्यांना दिसलंही नव्हतं; ते पाण्यात उतरून दोर कापत होते. तांबडं टिंब सरळ वर येत होतं. ते थांबलं तशी बाबांची मान थोडी वर झाली.

"इथे का थांबलं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"याच्या पुढे आले असते तर तुम्हाला दिसले असते, बाबा."

दोन्ही टिंबं वाहत राहिली. पडद्यावर ते पटकन उरकतं. निळं टिंब बंदराकडे निघालं, तांबडं वळलं आणि संपलं.

"परत दाखव," बाबा म्हणाले.

तिने परत दाखवलं. या वेळी बाबा निळ्या टिंबाकडे बघतच नव्हते. काका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर कारखान्याची भिंत होती.

"लिहा, साहेब," बाबा म्हणाले. "पंख्यात दोर गुंतला होता. खडकांकडे चाललो होतो. मला वाटलं नव्हतं वेळेत सुटेल." ते थांबले. मग उरलेलं एका दमात म्हणाले, "अडचणीत होतो. मोठ्या अडचणीत होतो. लिहा."

साहेबांनी लिहिलं. मग ते काकांकडे वळले. "आणि तुम्ही?"

काका अजूनही खिडकीकडेच बघत होते. "रोज सकाळी यांचा आवाज येतो वायरलेसवर," ते म्हणाले. "याला शिव्या दे, त्याला शिव्या दे. समुद्र आपल्या बापाचाच असल्यासारखे. त्या दिवशी आला नाही. बराच वेळ आला नाही. मग यांच्या बोटीवरच्या कोणीतरी खडकांचं नाव घेतलं आणि मध्येच बंद केलं."

"मदतीला गेला होतात की नाही, एवढंच लिहायचंय मला."

"गेलो होतो."

साहेबांनी तेही लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. आधी बाबांची, मग त्याच पेनाने काकांची. "झालं," ते म्हणाले. "ही जोडी नाही असं मी वर कळवतो. दोघांचेही परवाने चालू राहतील. या आता."

टिंबवालीने पडदा बंद केला. तिला वाटलं आता खुर्च्या सरकतील, एक या दाराने जाईल आणि दुसरा थोडा थांबून जाईल. पण कोणी उठलं नाही. खाली बर्फाचं यंत्र सुरू झालं आणि टेबल थरथरायला लागलं.

"मग जवळ का नाही आलास?" बाबांनी विचारलं.

साहेब सवयीने काकांकडे वळले. "ते विचारतायत की..." म्हणाले आणि थांबले. बाबा साहेबांकडे बघत नव्हते.

काकांनी रंगाची बोटं गुडघ्यांवर घट्ट दाबली होती.

"हाक कुठे मारलीस तू?" ते म्हणाले. "दुपारपर्यंत कान लावून बसलो होतो, दादा."